कुत्र्याला हाक एकदाच मारा

‘बस, बस, अरे बस ना!’ असं पाच वेळा म्हटलं की कुत्रा एवढंच शिकतो की पाचव्यांदा ऐकलं तरी चालतं. म्हणून शब्द एकदाच उच्चारा आणि दोन सेकंद गप्प राहा. बसला, तर लगेच, अगदी सेकंदाभरात, खाऊ द्या. नाही बसला, तर रागावू नका. दोन पावलं मागे सरकून पुन्हा सुरुवात करा.

खाऊ वाटाण्याएवढाच हवा: बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर. (कांदा-लसणाच्या रश्श्यातला तुकडा नको, तो कुत्र्याला बाधतो.) सराव जेवणाआधी घ्या, पोट भरलेल्या कुत्र्याला पनीरचं काय कौतुक? तीन-चार मिनिटं पुरे. त्याला अजून खेळायचं असतानाच थांबा, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतःच धावत येईल.

चपळाई वाढवायची असेल तर पटकन बसल्यावर दोन-तीन तुकडे एकामागोमाग द्या, रेंगाळत बसला तर नुसतं ‘शाब्बास’. फरक त्याला लवकर कळतो.

आणि अंघोळीसाठी किंवा ओरडण्यासाठी ‘ये’ म्हणून कधीच बोलावू नका. तेव्हा आपणच उठून त्याच्याकडे जायचं.