डायनामो काढायच्या आधी मीटर लावा

खानापुरात पाऊस लागला की माझ्याकडे ठरलेली तक्रार येते: "बॅटरी नवीन घातली, तरी सकाळी गाडी उचलत नाही." परवा एक भाजीवाला पिकअप घेऊन आला. रोज रात्री बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याला माल. हेडलाइट, वायपर, पंखा, सगळं पहाटेपर्यंत चालू. म्हणाला, "मामा, डायनामो गेला. दुसरा बसवा." इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला आमच्याकडे अजून डायनामोच म्हणतात.

आधी इंजिन बंद ठेवून डायनामोचा पट्टा बघा. ढिला किंवा चकाकलेला असेल तर पावसात घसरतो. गळ्यातला टॉवेल काढून ठेवा, मगच गाडी चालू करा.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा, नाहीतर पुढचे आकडे फसवतात. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. १५ च्या वर गेलं तर कटआउट, म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर, गेला समजा. आता हेडलाइट, वायपर, पंखा लावा. तरी साडेतेराच्या आसपास टिकलं पाहिजे.

त्याचं १२.४ वर आलं. इथंच लोक पाना हातात घेतात. मीही एकदा चांगला डायनामो बदलून गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्यात.

लोड तसाच ठेवून लाल पिन डायनामोच्या जाड वायरच्या बोल्टवर लावली, काळी बॅटरीच्या प्लसवर. ०.२-०.३ पेक्षा जास्त यायला नको. आलं १.६! म्हणजे डायनामो १४ देत होता, वाटेतच गळत होतं. इंजिन बंद करून वायर चाचपली तर थिंबळीपाशी, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या कडीपाशी, हाताला चटका बसला. रबर सोललं, आत तांब्याचा हिरवा चुरा. बॅटरीचा मायनस काढून तेवढा तुकडा कापला आणि नवी थिंबळी दाबून बसवली. पुन्हा मोजलं, ०.१. मायनसकडूनही असंच मोजा: डायनामोची बॉडी ते बॅटरीचा मायनस.

चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल उपसून बघायची जुनी खोड मात्र सोडा. व्होल्टेज उसळतं आणि डायनामोचे डायोड (एसीचा डीसी करणारे), ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) दोन्ही जाऊ शकतात.

डायोडचा संशय असेल तर मीटर एसीवर करून चालू गाडीच्या बॅटरीला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड गेलाय. पण स्वस्तातला मीटर बंद गाडीवरही एसीत पंचवीस-सव्वीस दाखवतो. तसलं दिसलं तर दुसऱ्याचा मीटर मागून आणा.