लसूण-कोळंबी पास्ता: गॅस पेटवायच्या आधीची तयारी

घरी लसूण-कोळंबी पास्ता करायचा असेल तर एक गोष्ट आधीच सांगते, यात गॅसवरचं खरं काम जेमतेम १५ मिनिटांचं असतं आणि त्या १५ मिनिटांत लसूण सोलायला, लिंबू शोधायला, फ्रीजमध्ये वाकून बटर कुठंय ते बघायला अजिबात सवड मिळत नाही. कोळंबी दोन-तीन मिनिटांत होते, लसूण त्याहून लवकर करपतो आणि पास्ता गाळून नुसता ठेवला की त्याचा गोळा व्हायला लागतो. त्यामुळे सगळं ओट्यावर मांडायचं आणि मगच लायटर हातात घ्यायचा. खालचं सगळं प्रमाण तिघांसाठी आहे.

सगळ्यात पहिलं काम किचनमधलं नाहीच, फोनवरचं आहे. जेवायला जे येणारेत त्यांना विचारून घ्या की कोणाला कोळंबीची ॲलर्जी आहे का, आणि कोणाचा वार आहे का. आपल्याकडे मंगळवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण काहीही निघू शकतं आणि पाहुणा संकोचून पानावर बसल्यावर सांगतो. ॲलर्जी असेल तर मात्र "तू फक्त कोळंबी बाजूला काढ" हे चालत नाही हां, सॉसमध्येच सगळा अर्क उतरलेला असतो, त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात मश्रूम घालून करा आणि ते आधी करून घ्या. लसूण, बटर, लिंबू सगळं तेच, छान लागतं.

आता कोळंबी. सोललेली, साफ केलेली ४०० ग्राम लागते. बाजारातून डोक्यासकट आणणार असाल तर साफ केल्यावर साधारण निम्मीच उरते, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास घ्या. मध्यम ते मोठी घ्या, करंदी घेऊ नका, करंदी वांग्यात किंवा भातात सुंदर लागते पण स्पॅगेटीत हरवून जाते. ताजी कोळंबी कशी ओळखायची तर कवच चकचकीत आणि घट्ट, डोकं धडाला नीट चिकटलेलं आणि वास फक्त समुद्राचा. डोकं लोंबतंय, कवच निसरडं लागतंय किंवा नाकाला झोंबणारा उग्र वास येतोय तर सरळ पुढच्या टोपलीकडे जा. मावशींकडून साफ करून घेतलीत तरी कवचं आणि डोकी वेगळ्या पिशवीत मागून घ्या, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते. जून-जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते तेव्हा ताज्याचा हट्ट न धरता फ्रोजन घ्या, त्यात कमीपणा काही नाही, भारतात मिळणारी बरीचशी फ्रोजन कोळंबी ही तळ्यात वाढवलेली व्हन्नामेई जातीची असते, त्यातली पुष्कळ आंध्रची, आणि ती पास्त्याला अगदी योग्य आहे.

फ्रोजनचं पाकीट घेताना तीन गोष्टी बघा. एक म्हणजे रंग, कच्ची कोळंबी करडी दिसते, पाकिटातली गुलाबी असेल तर ती आधीच शिजवलेली आहे आणि परत कढईत गेली की रबर होते. दुसरं, पाकिटावर २६/३० किंवा ३१/४० असा आकडा असतो, म्हणजे एका पाउंडात, साधारण ४५४ ग्रामला, तेवढे नग बसतात, आकडा जितका छोटा तितकी कोळंबी मोठी, आणि आपल्याला हे दोन्ही आकार चालतात. तिसरं, वरच्या बर्फाचं वजन सोडून निव्वळ वजन किती ते वाचा, नाहीतर ४०० ग्राम म्हणून आणायची आणि पाणी निथळल्यावर तीनशेच निघायची. सोडवायची असेल तर आदल्या रात्री डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. विसरलात तर घट्ट बंद पिशवीत घालून थंड पाण्यात अर्धा तास बुडवा. गरम पाणी नको, बाहेरून अर्धवट शिजते आणि आत बर्फ तसाच राहतो.

साफ करताना कवच काढलं की पाठीवर सुरीने उथळ चीर द्या आणि काळा धागा ओढून काढा. शेपटीचं टोक ठेवायचं का हा प्रश्न दरवेळी येतो. माझं मत स्पष्ट आहे, काढून टाका, काट्याने खायच्या जेवणात बोटं घालून शेपट्या सोलत बसायला कोणाला आवडत नाही. मग एकदाच धुवा, चाळणीत निथळू द्या आणि सुती फडक्याने किंवा टिश्यूने अगदी कोरडी करा. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग कढईत पाणी सुटतं, कोळंबी परतली जात नाही, उकडली जाते. कोरडी झाली की अर्धा चमचा मीठ आणि पाव चमच्याला थोडा कमीच खायचा सोडा चोळून २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. सोड्याने तिचा करकरीतपणा टिकतो, शिजल्यावर दाताखाली टचकन तुटते. हात सवयीने हळदीच्या डब्याकडे जाईल, पण आज हळद नको, इथे चव लसणाची आणि बटरची हवी.

ती मागून घेतलेली कवचं आता काढा. खरं तर सगळ्या यादीतलं हे माझं सगळ्यात लाडकं काम आहे आणि ते फुकटात होतं. छोट्या पातेल्यात एक चमचा तेल तापवून कवचं आणि डोकी त्यात टाका, दोन-तीन मिनिटं हलवत राहा, करडा रंग जाऊन केशरी होतो, तेलालाही तो रंग चढतो आणि सगळ्या घरात खमंग वास सुटतो. मग झाऱ्याने डोकी दाबा, आतला ऐवज तेलात उतरतो, आणि दीड कप पाणी घालून १० मिनिटं मंद उकळा. चहाच्या गाळणीतून गाळा. पाऊण-एक कप केशरी पाणी मिळेल. क्रीम नाही, चीज नाही, तरी कोळंबीची चव पास्त्याच्या प्रत्येक घासात कशी आली असं लोक विचारतात ना, ती ह्यामुळे येते. सोललेली फ्रोजन आणली असेल तर हे पाणी नसेल, मग पास्ता उकडलेलं पाणी वापरा. चव थोडी साधी राहते, पण काम होतं.

पास्ता ३०० ग्राम, स्पॅगेटी किंवा लिंग्विनी (स्पॅगेटीसारखीच लांब, पण चपटी). पाकिटामागे ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय ना ते बघा, मैदा मिसळलेला पास्ता पटकन मऊ पडतो. पाणी ३ लिटर. इटलीत १०० ग्राम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्राम मीठ असा ठोक हिशोब सांगतात, आपण मीठ किंचित कमी घेऊ, दीड टेबलस्पून बास, कारण कोळंबीला मीठ लावलंय आणि आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं. ३ लिटर पाणी घरच्या गॅसवर उकळायला सहज पाव तास लागतो, तेव्हा घरात इलेक्ट्रिक केटल असेल तर निम्मं पाणी त्यात तापवून घ्या. पाण्यात तेल घालायची गरज नाही, सुरुवातीची दोन मिनिटं नीट हलवलं की चिकटत नाही. आणि स्पॅगेटी मोडू नका प्लीज, अर्ध्या मिनिटात खालून नरम होते आणि आपोआप पाण्यात बसते.

लसूण भरपूर हवा. गावठी बारीक पाकळ्यांचा असेल तर २० पाकळ्या, मोठ्या पाकळ्यांचा असेल तर १०-१२. कोमट पाण्यात पाच मिनिटं टाकलात तर सालं लगेच सुटतात. निम्म्या पाकळ्यांचे पातळ काप करा आणि निम्मा खलबत्त्यात ठेचा. काप तेलात गोडसर होतात आणि ठेचलेला झणका देतो, दोन्ही पाहिजेत. बाटलीतली आलं-लसूण पेस्ट आज बाजूलाच राहू दे.

बाकीचं सामान एका ताटात काढून ठेवा, म्हणजे ऑलिव्ह ऑइल ४ टेबलस्पून, बटर ३० ग्राम तुकडे करून फ्रीजमध्येच (थंड बटर सॉसला जास्त चांगलं धरतं, फक्त कुठल्या कप्प्यात आहे ते लक्षात असू द्या), चिली फ्लेक्स एक चमचा, ते नसतील तर सुकी बेडगी मिरची हाताने चुरडून, एक रसरशीत लिंबू कापून बिया काढून, मिरपूड, आणि मूठभर पार्सली बारीक चिरून. पार्सली मिळाली नाही तर कोथिंबीर घाला, चव बदलते पण वाईट नाही लागत, फक्त निम्मीच घाला. आपलं कागदी लिंबू चांगलंच आंबट असतं म्हणून आधी अर्धंच पिळा, चाखा, मग ठरवा. चीज मी घालत नाही. इटलीतही मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कोळंबीची गोडसर चव त्याखाली दबून जाते. मुलांना हवंच असेल तर त्यांच्या प्लेटमध्ये वरून किसून द्या.

भांड्यांत एक मोठं पातेलं, एक रुंद पॅन, एक चिमटा, एक वाटी. पॅन नॉनस्टिक किंवा जाड बुडाचा स्टीलचा असू दे. लोखंडी कढई इतर वेळी कितीही लाडकी असली तरी इथे लिंबू पडणार आहे, आंबटाने लोखंडाची चव उतरते आणि पास्ता काळपट दिसतो. चिमटा नसेल तर पोळ्यांचाच घ्या, धुवून. पॅन एवढा मोठा हवा की सगळा पास्ता त्यात मावून वर हलवायला जागा राहील.

आता गॅस. प्लेटा काढल्यात, पाणी प्यायला ठेवलंय, माणसं हाकेच्या अंतरावर आहेत एवढं बघा आणि उकळत्या खारट पाण्यात पास्ता सोडा. पाकिटावर ९ मिनिटं लिहिली असतील तर मोबाइलवर ७ चा टायमर लावा. लगेच शेजारी पॅन कडक तापवा, एक चमचा तेल, कोळंबी एका थरात, गर्दी होत असेल तर दोन खेपांत. एक बाजू एक मिनिट, दुसरी त्याहूनही कमी. कोळंबी वाकून अर्धगोल झाली, बाहेरून गुलाबी आणि मधोमध अजून जरा काचेसारखी दिसतेय, की वाटीत काढा. पूर्ण वेटोळं घातलं म्हणजे जास्त झाली. ती शेवटी परत पॅनमध्ये येणारे, राहिलेलं तिथे होतं.

पॅन अर्धा मिनिट गॅसवरून उतरवा, कारण एवढ्या तापलेल्या पॅनमध्ये लसूण टाकलात तर क्षणात काळा आणि कडू, आणि कडू लसणावर उपाय नाही, फेकून नवा घ्यावा लागतो. आच मंद करून उरलेलं तेल, लसणाचे काप, मिनिटभराने ठेचलेला लसूण आणि चिली फ्लेक्स. कापांच्या कडा फिकट सोनेरी झाल्या की लगेच कवचांचं पाणी अर्धा कप ओता, चर्र आवाज येतो आणि लसूण तिथेच थांबतो. तोवर टायमर वाजेल. पास्ता गाळायचा नाही, चिमट्याने उचलून निथळता निथळता सरळ पॅनमध्ये, धुवायचा तर मुळीच नाही, त्याच्या अंगावरचा स्टार्चच सॉस बांधतो. वर एक डाव पास्त्याचं पाणी, आच मोठी आणि दोन मिनिटं जोरात हलवा. सुरुवातीला तेल वेगळं, पाणी वेगळं दिसेल, घाबरू नका, हलवत राहा, हळूहळू ते दुधाळ होऊन स्पॅगेटीला लपेटून बसतं. आटलं तर आणखी थोडं पाणी. मग कोळंबी, वाटीत सुटलेल्या रसासकट, अर्धा मिनिट. गॅस बंद. बटर, लिंबू, मिरपूड, पार्सली, परत हलवा, मीठ चाखा. पॅनमध्ये जरा पातळ वाटलं पाहिजे, प्लेटमध्ये जाईपर्यंत ते आळतं.

बरोबर काही लागत असेल तर लादीपाव तव्यावर बटर लावून भाजा, तळाचा सॉस पुसून खायला त्याच्यासारखं काही नाही, पण हा पाव पास्ता सोडायच्या आधी भाजून झालेला पाहिजे. उरलं तर डब्यात घालून लगेच फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी दोन चमचे पाणी शिंपडून मंद आचेवर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये कोळंबी चिवट होते. आणि उकळून गाळलेली कवचं रात्री डस्टबिनमध्ये टाकू नका, सकाळपर्यंत घरात उभं राहवणार नाही, पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि घंटागाडी आली की थेट तिच्यातच द्या.