पोळी-भाजी केंद्र काढताय? आधी पोळीचा हिशोब करा

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर कुठेही संध्याकाळी सातला फिरून बघा. ऑफिसातून परतणारी माणसं दहा पोळ्या आणि दोन वाट्या भाजी घेऊन घरी जाताना दिसतील. मागणी आहे यात शंका नाही. तरीही काही केंद्रांची शटर वर्षभरात खाली येतात, आणि चव बिघडली म्हणून असं होतं असं नाही. भाजी चांगली असली तर गिऱ्हाईक एकदा कौतुक करतं, पण रोज येतं ते पोळीसाठी. त्या एका पोळीला आपल्याला काय पडतं, हे मालकालाच ठाऊक नसतं.

मोजमाप असं. एक किलो कणकेला साधारण ६०० मिली पाणी लागतं, भिजवलेला गोळा १.६ किलो होतो. ४० ग्रॅमचा उंडा धरला तर ४० पोळ्या. सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक उंडा वजनकाट्यावर ठेवा. हात ४५ ग्रॅमवर गेला की त्याच कणकेत ३५ पोळ्या होतात, म्हणजे किलोमागे पाच पोळ्या फुकट गेल्या.

दळणासह कणीक ४६ रुपये किलो पडली असं समजू. पोळीमागे पीठ १ रुपया १५ पैसे. लाटणं आणि भाजणं एकाच बाईकडे असेल तर तासाला ६०-६५ पोळ्या, चार तासांत अडीचशे. तिला चार तासांचे ५०० रुपये दिले तर पोळीमागे २ रुपये मजुरी. आता भाडं. गाळा महिना ३० हजारांचा, कामाचे दिवस २६, म्हणजे दिवसाला ११५४ रुपये. त्यातलं अर्धं पोळीवर आणि अर्धं भाजीवर टाका. रोज ३०० पोळ्या विकल्या तर पोळीमागे भाडं १ रुपया ९२ पैसे, ६०० विकल्या तर ९६ पैसे. पिठाचा खर्च गव्हाच्या बाजारभावावर ठरतो, तिथे फारसं काही करता येत नाही. मजुरी आणि भाडं मात्र तुम्ही किती पोळ्या काढता आणि खपवता त्यावर वर-खाली होतं.

गॅसचा आकडा दुसऱ्याला विचारून मिळत नाही, कारण बर्नर, तवा आणि हात प्रत्येकाचा वेगळा. सिलिंडर लावला त्या दिवशी खडूने त्यावर तारीख घाला, संपेपर्यंत रोजच्या पोळ्या वहीत लिहा आणि शेवटी भागाकार करा. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच हवा. घरगुती १४.२ किलोचा धंद्यात वापरणं बेकायदा आहे. जप्ती होते, वर गुन्हा दाखल होऊ शकतो. तुमच्या रस्त्यावर महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर व्यावसायिक जोडणीची चौकशी आधीच करा.

जागा बघताना भाड्याइतकंच विजेच्या मीटरकडे लक्ष द्या. तळमजल्यावरची खोली घरगुती मीटरवर चालवली आणि महावितरणची तपासणी आली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर केव्हापासून आहे हे ठरवता आलं नाही तर ती मागच्या १२ महिन्यांची. मालक म्हणेल, ‘चालतं इथे सगळ्यांचं.’ मीटर वाणिज्य वर्गात बदलून घेण्याचं करारात लिहून घ्या. लीव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे नेहमीचा भाडेकरार) महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. मुद्रांक शुल्क कराराच्या मुदतीतल्या एकूण रकमेवर ०.२५ टक्के, नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये. नवी मुंबईत सिडकोच्या जागेचा वापर निवासी की वाणिज्य, हे कागदावर बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. सोसायटीतला गाळा असेल तर धूर आणि वासाची तक्रार येणारच. चिमणी कुठून काढायची याची लेखी परवानगी आधी घ्या, नंतर कमिटी बदलते.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. अन्न सुरक्षेसाठी वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) फॉसकॉस पोर्टलवरची साधी नोंदणी पुरते. घरच्या स्वयंपाकघरासाठीही हीच. मिळालेला १४ अंकी क्रमांक बिलावर छापावा लागतो. कामाला वीसपेक्षा कमी माणसं असतील तर २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यायची, तोच आजचा ‘गुमास्ता’. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर मोफत होते. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही. उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत साधारणपणे जीएसटी लागत नाही. महापालिकेचे कोणते परवाने लागतात, ते प्रभाग समितीच्या कार्यालयात जाऊन विचारा. एजंटाला विचारलं की यादी लांबते.

आता कामाची वेळ. गर्दी साडेसहा ते साडेआठ या दोन तासांत, आणि तेव्हाच पोळ्या कमी पडतात. उपाय दोन. एक, लाटणारी आणि भाजणारी वेगळी ठेवा आणि साधा तवा सोडून तीन पोळ्या एकदम बसतील असा जाड लोखंडी तवा भट्टीच्या बर्नरवर घ्या. दोन, कणीक एकदाच मळू नका. मे महिन्यात दुपारी मळलेला गोळा रात्री आठला काळपट आणि आंबूस होतो. चारला एक आणि सहाला एक असे दोन घाणे मळा, प्रत्येकाला अर्धा तास ओल्या फडक्याखाली मुरू द्या. तव्यावरची पोळी थेट डब्यात बंद केली की वाफेने चिकट होते. जाळीवर दोन मिनिटं, मग सुती कापडात.

दोन लाटणाऱ्यांना आलटून-पालटून सुट्टी मिळेल अशी सोय पहिल्या महिन्यापासून करा. एकच बाई ठेवली आणि ती गावाला गेली की त्या दिवशी केंद्र बंद. गणपतीत, होळीला बहुतेक जणी गावी जातात. नगावर पैसे द्यायचे असतील तर आकार आणि भाजणी ठरवून द्या, नाहीतर कडा कच्च्या राहतात.

भाजी जांभळी नाक्यावरून घ्या किंवा वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून. एपीएमसीचा भाव कमी, पण टेम्पोभाडं आणि पहाटेची धावपळ धरली तर दिवसाला १०-१५ किलो भाजीसाठी ते परवडत नाही. कांदा-बटाटा आणि धान्य मात्र तिथून महिन्याचं एकदम आणावं. पालेभाजी जुडीवर येते, निवडल्यावर किती उरते ते वजन करा, म्हणजे मेथी बटाट्याच्या भावात विकण्याची चूक होणार नाही. वाटी १५० ग्रॅमची ठरवली की एकाच डावाने भरा. रोज एक सुकी, एक रस्सा, एक उसळ पुरे. सहा भाज्या ठेवणाऱ्याच्या चार उरतात. गरम भाजी ६० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नका. नारळ घातलेला रस्सा उन्हाळ्यात दुपारी करून संध्याकाळसाठी ठेवला तर आंबतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी विकू नका, हे वेगळं सांगायला नको. पण उरलं किती, हे रोज लिहा.

पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून देता येत नाहीत, आणि बंदी असलेली पातळ प्लास्टिक पिशवी सापडली तर पहिलाच दंड ५००० रुपये. घरचा डबा आणणाऱ्याला एक रुपया कमी लावा; खर्च तेवढाच वाचतो आणि गिऱ्हाईक बांधलं जातं.

डिलिव्हरी ॲपवर सुटी पोळी टाकू नका, कमिशन आणि डबा गेल्यावर हातात काही राहत नाही. तिथे फक्त थाळी ठेवा. घोडबंदर रोडवर कासारवडवलीकडे संध्याकाळी डिलिव्हरी घेतली तर पोळी पोहोचेपर्यंत चिवट होते, त्यामुळे दोन-तीन किलोमीटरची हद्द आखा. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांचे दुपारचे डबे मिळतात, पण महिनाअखेरीस पैसे देऊ म्हणणाऱ्यांची उधारी कणकेच्या पैशांतून जाते. आठवड्याचे पैसे आगाऊ घ्या, आणि सुट्टी आदल्या रात्री नऊपर्यंत कळवली तरच दिवस वजा धरा.