क्रूझ तुम्हाला मानवेल का? पैसे भरण्याआधी असं ठरवा

क्रूझला जाऊ का, असं नाशकात कुणालाही विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. जाऊन आलेले म्हणतात, "एकदा जायलाच हवं!" न गेलेले म्हणतात, "पैसे देऊन पाण्यात कशाला कोंडून घ्यायचं?" पहिले फोटो दाखवतात, दुसरे टायटॅनिकवर येतात. ठरवायला दोघांचाही उपयोग नाही. नात्यातल्यांची, भिशीतल्या बायकांची, बिल्डिंगमधल्यांची बुकिंगं वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात पडत आली आहेत, आणि परत आल्यावरची गाऱ्हाणीसुद्धा. कुणाला क्रूझ मानवेल आणि कोण दुसऱ्याच सकाळी "घरी कधी पोचतो?" म्हणेल, हे आधी बऱ्यापैकी ओळखता येतं. खालच्या क्रमाने जा.

१. महिना आणि जहाज

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिली ट्रिप दोन रात्रींची, आणि मुंबईहूनच. सिंगापूरच्या पॅकेजला जोडून दिलेली चार रात्रींची क्रूझ पहिल्याच खेपेला घेऊ नका, एजंट कितीही गोड बोलला तरी.

पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ सहसा नसतेच. त्या दिवसांत गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँचसुद्धा बंद असतात. २०२७च्या ऑगस्टमध्ये सिंहस्थाची गर्दी टाळायला क्रूझ घेऊ म्हणणारे मला आत्तापासून भेटायला लागलेत. त्यांनी मुंबई सोडून दुसरं काहीतरी शोधावं. शिवाय गर्दी टाळायला जहाजावर जाणं हाच मुळात उफराटा विचार आहे.

व्हिडिओत दिसणारं जहाज आणि तुम्हाला मिळणारं जहाज वेगळं असतं, हेही इथेच डोक्यात घ्या. मुंबईहून २०२१ पासून फिरणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज १९९० सालचं आहे. २०२४ मध्ये आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या अजस्र जहाजाच्या तुलनेत ते आकारमानाने जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणून ते वाईट ठरत नाही. फक्त इन्स्टावरच्या सहा घसरगुंड्या तिथे शोधत बसू नका.

२. बोट लागते का

"मोठं जहाज हलतच नाही," हा सल्ला देणाऱ्याने बहुधा बंदरात उभं असलेलंच जहाज पाहिलेलं असतं. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, त्यांनी डावी-उजवीकडचं डोलणं कमी होतं. पुढून-मागून होणारं झुलणं त्यांनी फारसं थांबत नाही. ते टोकांना जास्त जाणवतं, मध्यावर कमी. म्हणून खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन मागा.

कसारा घाटात ज्याला गाडी लागते, त्याला बोट लागण्याचा संभव जास्त. पण घाटात गाडी बाजूला घेऊन लिंबू-पाणी पिता येतं. इथे तसं नाही. चाचणीच करायची तर गंगापूर धरणावरच्या बोटिंगची करू नका, त्या पाण्याला लाट कसली? भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट जाते, साधारण तासाभराचा प्रवास आहे. मार्च-एप्रिलमध्ये, दुपारच्या वाऱ्यात, त्या फेरीने जाऊन या. काही झालं नाही तर नोव्हेंबर-फेब्रुवारीतल्या मोठ्या जहाजाची फारशी धास्ती नको. उलटी झाली तर डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा. ती जहाज सुटायच्या आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना काही चालत नाहीत. त्यामुळे शेजारच्यांच्या डब्यातली गोळी उचलू नका.

२४ आठवड्यांच्या पुढच्या गरोदर बाईला आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. तिथे विचार संपला.

३. थांब्याचे खरे तास मोजा

सगळा घोळ इथे होतो. मलाही सुरुवातीला हे गणित बसवायला बराच वेळ लागला. आता दुसऱ्या कुणाचंही वेळापत्रक हाती आलं की मी आधी पेन घेते.

कागदावर छान दिसतं: गोवा, सकाळी ११ ते संध्याकाळी ६. वाचणाऱ्याच्या डोक्यात लगेच बेत शिजतो: मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातलं चर्च, मग उन्हं उतरल्यावर कलंगुट. सात तास आहेत की! ते सात तास तुमचे नसतात.

समजा ११ ला जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागलं. लागलं म्हणजे तुम्ही उतरलात असं नाही. आधी बंदराचे सोपस्कार, मग गटागटाने बोलावणं. तोवर लॉबीत शेकडो माणसं टोप्या घालून, बाटल्या काखोटीला मारून उभी. फाटकाबाहेर येऊन टॅक्सी ठरेपर्यंत साडेबारा वाजतात. मुरगाव म्हणजे वास्कोच्या पुढचं टोक. तिथून मंगेशी किंवा पणजी तीसेक किलोमीटर, कलंगुट आणखी पुढे. जुवारीवर नवा पूल झाल्यापासून बरं आहे, तरी तास धराच. दीड वाजले.

आता उलट बाजूने मोजा. जहाज ६ ला सुटणार म्हणजे शेवटचा प्रवासी ५ पर्यंत आत हवा. परतीचा एक तास, आणि रस्त्यात अडकलो तर म्हणून अर्धा तास. म्हणजे साडेतीनला निघायचं. हातात राहिले दोन तास, आणि जेवण त्यातच. त्यात एक देऊळ होतं, नाहीतर एक चर्च. दोन्ही करायला गेलात तर शेवटचा अर्धा तास ड्रायव्हरला "जरा लवकर हाणा" म्हणण्यात जातो.

उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. कंपनीच्याच सहलीची बस अडकली तर सहसा थांबतात. तुम्ही स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी नाही. मग पुढच्या बंदरापर्यंतची सोय आपल्या खर्चाने करायची, आणि सामान तर केबिनमध्ये पडलेलं.

आणखी एक प्रश्न एजंटला विचाराच, आणि उत्तर लेखी घ्या: जहाज धक्क्याला लागणार, की बाहेर नांगर टाकणार? ह्याचं उत्तर न देता येणाऱ्या एजंटकडे मी बुकिंग करत नाही. लक्षद्वीपच्या फेरीत जहाज समुद्रातच उभं राहतं आणि लहान बोटींतून तुम्हाला अगत्ती बेटावर नेतात. जहाजाच्या बाजूला एक दार उघडतं. समोर लहान बोट हातभर वर येते, हातभर खाली जाते. दोन खलाशी तुमचे दोन्ही दंड धरतात, बोट वर आली की "चलो" म्हणतात, आणि तेवढ्यातच पाऊल टाकायचं असतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला "चलो" ऐकू येतं, पण पाऊल उचलत नाही. मागे रांग खोळंबलेली असते, शेवटी तो माणूसच "राहू द्या, मी वरच थांबतो" म्हणतो. "आईचे गुडघे दुखतात, म्हणून क्रूझ बरी, चालायला नको," असं सर्रास सांगतात. जहाज धक्क्याला लागत असेल तर ते खरं आहे: बॅग एकदाच उघडायची, लिफ्ट आहे, जेवण त्याच इमारतीत. नांगर टाकणार असेल तर आईला किनारा लांबूनच बघावा लागेल. ते तिला आधी सांगा.

समुद्र खवळलेला असेल तर लहान बोटी सोडतच नाहीत आणि थांबा रद्द होतो. बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार कंपन्या तिकिटाच्या अटींत स्वतःकडे ठेवतात. परत मिळालंच तर सहसा त्या बंदराचं शुल्क तेवढं मिळतं. यावर काउंटरपाशी आवाज चढवणारे मी पुष्कळ पाहिलेत. कुणालाही बेट मिळालेलं नाही.

सगळ्या थांब्यांचे असे खरे तास काढा आणि त्यांची बेरीज करा. मग स्वतःला विचारा: यातला एकही थांबा झाला नाही तरी मी ही ट्रिप घेईन का? "हो" असेल तर पुढे वाचा. "छे, मग कशाला जायचं?" असं आलं तर तुम्हाला क्रूझ नको, गोवा हवाय. नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस थेट मडगावला जाते.

४. समुद्रातला दिवस लिहून काढा

घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक कागद. पहाटे पाच ते रात्री अकरा. समोर कोण काय करणार ते लिहा. "मजा करणार" असं लिहिलेलं मी खोडायला लावते.

सासऱ्यांना पाचला उठल्या उठल्या चहा लागतो. केबिनमध्ये किटली असेलच असं नाही, आणि घरून नेलेली बहुतेक ठिकाणी चालत नाही. पहाटेचा चहा कुठे आणि किती वाजता, ते विचारून घ्या. निरांजन, उदबत्ती केबिनमध्ये लावता येत नाही, जहाजावर उघडी ज्योत म्हणजे बंदीच. उपासाचं आणि जैन जेवण भारतातून सुटणाऱ्या जहाजावर आधी सांगितलं तर अवघड नसतं. चिवडा-लाडवांचे डबे मात्र तपासणीत अडकू शकतात.

किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. वायफाय वेगळे पैसे देऊन. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजावरचं नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल येतं. दिवसाला दहा फोन घेणाऱ्या दुकानदार नवऱ्याला हे आधी सांगा. पोरांना पोहण्याचा तलाव आणि खेळ पुरतात, कॉलेजच्या मुलामुलींना तर परतायचं नसतं. प्रश्न असतो तो साठीच्या आसपासच्या, सतत काहीतरी 'पाहायला' लागणाऱ्या माणसाचा. क्रूझ म्हणजे तीन दिवसांचं लग्नघर: खाणं अखंड, गाणी अखंड, आणि शांत बसायला कोपरा शोधावा लागतो. ज्याला लग्नघरात दुसऱ्या दिवशीही उत्साह असतो, त्याला मानवेल. पुस्तक घेऊन नुसतं पाण्याकडे बघत बसणाऱ्यालाही मानवतं. असा माणूस सकाळी सातला वरच्या डेकवर जातो, तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं.

ज्याचा कागद अर्ध्याहून जास्त कोरा, त्याला ओढून नेऊ नका. तो तुमचेही दोन दिवस खातो.

५. पैसे

जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि केबिनमध्ये दोघं धरून असतो. एकट्याला जवळजवळ दोघांचे पडतात. त्यावर जीएसटी, बंदराचं शुल्क, कर्मचाऱ्यांची टीप, मद्य, वायफाय, किनाऱ्यावरची सहल. मी दीडपट धरून चालते. तो आकडा ऐकून घरात कुणाचा चेहरा उतरला, तर यंदा नको. जहाजावर बसून प्रत्येक सरबताचा हिशेब करण्यात काही हशील नाही.

दोन रात्रींसाठी बाल्कनीचे पैसे घालू नका. आतली, बिनखिडकीची केबिन झोपायला पुरते. पण बंद खोलीत ज्याचा जीव घाबरतो त्याच्यासाठी खिडकी घ्याच. ती उघडत नाही, हेही सांगून ठेवा.

६. बुकिंग करताना

तिकिटावर नाव आधार कार्डावर आहे तसंच, अक्षर न अक्षर. परदेशातून सुटणारी क्रूझ असेल तर जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती कापणार, ते आगाऊ रक्कम देण्याआधी कागदावर घ्या, व्हॉट्सॲपवरच्या "हो जाईल मॅडम"वर नाही.

जायच्या दिवशी गाडीने कसारा उतरू नका. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटी गाठा. बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे, आणि जहाजात घेणं बहुधा दुपारी सुरू होतं. मोठी बॅग चेक-इनला देतात ती संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये येते. औषधं, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा.