परजीवींचा फॉस्फेटसाठा मोजताना या चुका टाळा

लीशमॅनिया, ट्रिपॅनोसोमा यांसारखे एकपेशीय परजीवी अ‍ॅसिडोकॅल्सिसोम नावाच्या आम्लधर्मी कोशिकांगांत कॅल्शियमसह पायरोफॉस्फेट (दोन फॉस्फेट गटांची जोडी) आणि पॉलिफॉस्फेट (अशा गटांची लांब साखळी) साठवतात, आणि हा साठा घन असल्याने तो पाहण्यासाठी नमुना जादुई कोनात, म्हणजे चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांत, वेगाने फिरवून फॉस्फरस एनएमआर (अणुकेंद्रकांचा चुंबकीय संकेत मोजणारा वर्णपट) घ्यावा लागतो. फॉस्फरस-३१ निसर्गात १०० टक्के असल्यामुळे संकेत लवकर मिळतो, आणि नवखे विद्यार्थी तेथेच हुरळून जातात.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे साइडबँडलाच, म्हणजे फिरवण्यामुळे खऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना फिरण्याच्या वेगाइतक्या अंतरावर उमटणाऱ्या त्याच्या प्रतिरूपालाच, खरे शिखर समजणे. नागपुरातील एक विद्यार्थिनी बाहेरगावी मोजून आणलेला वर्णपट घेऊन आली आणि म्हणाली, "सर, पॉलिफॉस्फेट सापडले!" शिखर उणे २३ पीपीएमला (वारंवारतेतला दशलक्षांश फरक) होते, म्हणजे पॉलिफॉस्फेटच्या साखळीतले मधले गट जेथे दिसावेत तेथेच. मात्र यंत्र ५०० मेगाहर्ट्झचे (ही हायड्रोजनची वारंवारता) होते आणि रोटर, म्हणजे नमुन्याची फिरती नळी, ५ किलोहर्ट्झने फिरवला होता. अशा यंत्रावर फॉस्फरसची वारंवारता सुमारे २०२ मेगाहर्ट्झ असते, त्यामुळे ५ किलोहर्ट्झ म्हणजे जवळजवळ २५ पीपीएम. साध्या फॉस्फेटचे शिखर २ पीपीएमला असल्याने त्याचा साइडबँड नेमका उणे २३ वर पडला होता; अधिक २७ वरचा त्याचा जोडीदार तिने आलेख सुबक दिसावा म्हणून कापून टाकला होता. वेग ८ किलोहर्ट्झ केल्यावर ते "पॉलिफॉस्फेट" उणे ३८ जवळ जाऊन बसले. ते साधे फॉस्फेटही बहुतांशी पेशींचे नव्हते: पेशी फॉस्फेट बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुऊन तशाच गोठवून वाळवल्या होत्या. यंत्राचा वेळ वाचतो म्हणून एकाच वेगावर थांबणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचा वर्णपट वाचणेच सोडतो. माझ्याकडे प्रत्येक नमुना दोन वेगांवर फिरतो आणि दोन्ही आलेख पूर्ण रुंदीचे, एकावर एक छापले जातात.

धुण्यासाठी फॉस्फेटविरहित बफर वापरावा, पण साधे पाणी नव्हे. परासरणाचा ताण बसताच ही कोशिकांगे आपला साठा बदलू लागतात.

दोन रेडिओ स्पंदनांमधला विराम अपुरा ठेवून प्रमाण काढू नये, कारण वाळलेल्या नमुन्यात सावकाश शिथिल होणारे (स्पंदनानंतर उशिरा मूळ स्थितीत येणारे) फॉस्फेट मग कमी भरते. क्रॉस-पोलरायझेशनच्या (हायड्रोजनकडून चुंबकन घेऊन फॉस्फरसचा संकेत वाढवण्याच्या पद्धतीच्या) शिखरांवरून तर प्रमाण काढूच नये.

जादुई कोन पोटॅशियम ब्रोमाइडवर तपासून घ्यावा. पीपीएम मोजपट्टीचे शून्य ८५ टक्के फॉस्फोरिक आम्लावर ठरवावे.

नागपूरच्या पावसाळ्यात वाळवलेली पूड उघड्यावर भरू नये. ती ओलावा ओढते आणि शिखरांची रुंदी बदलते. मी रोटर कोरड्या नायट्रोजनखाली भरतो आणि मोजणीआधी व नंतर त्याचे वजन करतो.