घाट उतरून आलात? आधी आरोग्य केंद्र बघून या

दर वर्षी बीड, लातूर, सोलापूरकडचे काही नवे शिक्षक आणि ग्रामसेवक कोकणातल्या राजापूर तालुक्यात हजर होतात. पहिले दोन प्रश्न ठरलेले: रेंज कुठे येते आणि बदली कधी मागता येते? खोलीचं, गॅसचं शाळेत कोणीही सांगेल. मी दवाखान्याचं सांगतो.

आपल्याकडे घाटावर तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या पाट्यांची रांग असते. इथे वाडीतून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतच दम निघतो. म्हणून सरकारी दवाखान्याला नाक मुरडू नका. डोंगरी भागात 3,000 लोकांमागे उपकेंद्र, 20,000 लोकांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याच्यावर 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय, असा हिशेब आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेसुद्धा पैसे घेत नाहीत. पोरं मुंबईला असलेले म्हातारे-म्हाताऱ्या आणि आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार यांना दुसरा आधारच नाही. आपले पगारदार लोक मात्र सर्दीलाही रत्नागिरी गाठतात, आणि मग रात्री-अपरात्री गरज पडली की केंद्राचा रस्ता विचारत फिरतात.

आता सापाचं. हे दोनदा वाचा.

फुरसं वीतभर दिसतं, कातळावर चिऱ्याखाली बसतं. चावलं तर रक्त गोठणं बिघडतं. घोणस त्याहून वाईट. घट्ट बांधू नका, चिरू नका, साप मारून सोबत नेऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर लस, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन, एकच आहे. हातपाय न हलवता जिथे लस असेल त्या सर्वात जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. लस कुठे आहे ते आजच विचारून ठेवा, चावल्यावर नव्हे.

आपल्या लोकांची खोड अशी, की काही झालं की गाडी काढायची आणि थेट कोल्हापूर. घोणस चावलेल्या एका ग्रामसेवकाला मित्रांनी असंच अणुस्कुरा घाटातून नेलं. लस असलेलं रुग्णालय वाटेतच मागे पडलं होतं. माणूस वाचला, पण महिनाभर डायलिसिसवर होता. मांत्रिकाकडे नेणाऱ्या गाववाल्यांना आपण हसतो. वेळ घालवण्यात फरक काय?

पुढे कोल्हापूरला पाठवायचं की रत्नागिरीला, ते डॉक्टरांना ठरवू द्या. पण पहिली लस इथेच.

आरोग्य केंद्रात काय होऊ शकतं, हे बघायचं तर महाडकडे बघा. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालन्याकडचे. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला आले आणि विंचूदंशाच्या मागे लागले. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी या उपचारात रुळवली. 2022 साली पद्मश्री मिळाली. ते बदलीची वाट बघत बसले नाहीत, एवढंच म्हणतो.

उणीवही सांगतो. तज्ज्ञांची पदं रिकामी असतात. त्यामुळे घरात बाळंतपण असेल तर सिझरची सोय कुठे, भूल देणारा डॉक्टर कुठल्या दिवशी येतो, हे सातव्या महिन्यातच सिस्टरना विचारा. आशाताईंच्या वहीत नाव घाला. भाडेकरूंचं नाव आपोआप येत नाही.

भातलावणीच्या चिखलात उतरल्यावर ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) शंका डॉक्टरांना बोलून दाखवा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला बदली झाली तर माकडतापाची (गोचिडीतून होणारा ताप) माहिती घ्या, 2016 पासून तिकडे तो आहे.

आणि रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करताना नुसतं 'गुरववाडी' म्हणू नका, ती गावोगाव असते. महसुली गाव आणि एसटीचा थांबा सांगा, आणि बॅटरी घेऊन एक माणूस फाट्यावर उभा करा.