पहिली गोळी आणि पहिले सहा आठवडे : या चुका टाळा

नैराश्यावरचे औषध पहिल्यांदा सुरू करणाऱ्या तरुणांची अपेक्षा बहुधा तापाच्या गोळीसारखी असते : सकाळी घेतली, संध्याकाळपर्यंत उतार पडला. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांसारख्या नेहमी लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांचा क्रम मात्र नेमका उलटा आहे. त्रास पहिल्या दोन-चार दिवसांतच जाणवू लागतो, गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि औषध खरोखर लागू पडले की नाही, हे सहा ते आठ आठवड्यांनंतरच नीट ठरवता येते. पुढील चुकांपैकी बऱ्याचशा हा क्रम आधी कोणी समजावून न सांगितल्यामुळे होतात. गर्दीच्या ओपीडीत तेवढे बोलणे होतेच असे नाही.

आठवडाभरातच ‘सोसत नाही’ म्हणून गोळी सोडणे

मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, तोंड कोरडे पडणे, झोप उडणे किंवा उलट दिवसभर पेंग येणे, हे त्रास सुरुवातीला अनेकांना होतात आणि एक-दोन आठवड्यांत बहुतेकांचे ओसरतात. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. नवरात्रात उपवास असेल तर रिकाम्या पोटी गोळी घेऊन त्रास ओढवून घेण्यापेक्षा आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे. झोप उडत असेल तर गोळी सकाळी आणि पेंग येत असेल तर रात्री, असा बदल डॉक्टरांना विचारून सहज करता येतो. एस्सिटालोप्रॅम अनेकदा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १० पर्यंत नेतात, ते शरीराला सवय व्हावी म्हणूनच. त्यामुळे पहिला डोस ‘कमी’ दिला असे समजून स्वतःच दुप्पट करू नये.

एका त्रासाबद्दल मात्र संकोचामुळे कोणी बोलत नाही. लैंगिक इच्छा कमी होणे किंवा समाधानाला फार वेळ लागणे, हा या औषधांचा परिचित दुष्परिणाम आहे आणि तो आपोआप जाईलच असे नाही. तरुण मुले-मुली तो न सांगता गुपचूप गोळ्या बंद करतात. डॉक्टरांना हा प्रश्न नवा नसतो; डोस बदलणे, औषध बदलणे असे उपाय त्यांच्याकडे असतात.

वाढलेली अस्वस्थता ‘नेहमीचीच’ समजून गप्प राहणे

ही सर्वांत गंभीर चूक आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुले व किशोरवयीनांसाठी या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. मुले व किशोरवयीनांवरील चाचण्या एकत्र पाहता, आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांमध्ये सुमारे ४ टक्के, तर बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांमध्ये सुमारे २ टक्के आढळले होते; त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. हा इशारा औषध टाळण्यासाठी नाही, कारण उपचाराविना राहिलेले नैराश्य स्वतःच जिवावर बेतू शकते. सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस जवळच्या कोणाच्या तरी नजरेखाली जावेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

एका जागी बसवत नाही, विनाकारण चिडचिड होते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, मरणाचे विचार नव्याने किंवा पूर्वीपेक्षा जास्त येतात, असे काही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. डॉक्टर मिळाले नाहीत आणि विचार आवरत नसतील, तर सरळ रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. औषध सुरू केल्याचे किमान एका माणसाला सांगून ठेवावे. आई-वडिलांना सांगणे जड जात असेल तर मोठी बहीण, मामा, खोलीतला मित्र, कोणीही चालेल. असे विचार पूर्वी येऊन गेले असतील, तर गोळ्या त्या व्यक्तीच्या ताब्यात ठेवणे शहाणपणाचे आहे.

याच्या उलट टोकाचीही एक खूण असते : तीन तासांची झोप पुरू लागणे, बोलण्याचा वेग वाढणे, पैसे उधळणे. घरच्यांना वाटते, पोर बरे झाले. प्रत्यक्षात ते उन्मादाचे लक्षण असू शकते आणि मूळ आजार द्विध्रुवीय (बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद असा) असण्याची शक्यता तपासावी लागते. म्हणूनच घराण्यात कोणाला असा आजार होता का, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या भेटीत लपवू नये.

पाकिटावर काय लिहिले आहे ते न वाचणे

आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम (घबराट कमी करणारे, गुंगी आणणारे औषध) एकत्र असलेली गोळी सर्रास मिळते, आणि घेणाऱ्याला त्यात दोन औषधे आहेत याचा पत्ताही नसतो. ‘सवय लागेल’ ही आजीची भीती एस्सिटालोप्रॅमला लागू होत नाही, पण क्लोनाझेपामला होते. ते बहुधा थोड्या दिवसांपुरतेच द्यायचे असते आणि बराच काळ घेऊन एकदम थांबवल्यास झटके येण्याचाही धोका असतो. पाकिटावर दोन नावे दिसली तर ‘दुसरे औषध किती दिवस?’ हे विचारायलाच हवे. त्यावर दारू घेणे तर सरळ धोक्याचे आहे.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके आणि काढे-चूर्णेही डॉक्टरांना सांगूनच घ्यावीत.

बरे वाटले म्हणून एकदम थांबणे

मन सावरल्यानंतरही औषध साधारण किमान सहा महिने चालू ठेवावे लागते आणि नंतर टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते. एकदम तोडल्यास गरगरणे, डोक्यात वीज चमकल्यासारखे वाटणे, चिडचिड, विचित्र स्वप्ने असा त्रास होऊ शकतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांच्या बाबतीत तो जास्त दिसतो. फ्लुऑक्सेटिन शरीरात दीर्घकाळ टिकते, म्हणून त्याचा कमी. या त्रासाला लोक व्यसन समजतात किंवा आजार उलटला असे मानतात, आणि दोन्ही समजुतींमुळे पुढचा निर्णय चुकतो.

एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्यावी, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यावी; दोन एकदम घेऊ नयेत. वसतिगृहातून दिवाळीला गावी जाताना पाकीट तिथेच राहते, आणि ही औषधे चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नसल्याने गावचा केमिस्ट ती नाकारू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी सुटीचे दिवस मोजून गोळ्या घ्याव्यात आणि डॉक्टरांची मूळ चिठ्ठी बॅगेत ठेवावी.